कोरडा मांडव

पुंडलिक, मांडव कोरडा आहे. काल दसऱ्याला मी स्वतः उघडून पाहिला. एक काळा ठिपका नाही, कुठे कुबट वास नाही, शिवणीवर तू घासलेलं मेण अजून बोटाला लागतं. तू असतास तर आल्या आल्या हेच विचारलं असतंस, म्हणून आधी हेच सांगतो. बाकीचं सांगायला मला एकेचाळीस दिवस लागले.

रस्त्यात माणसं भेटतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "काय करता मास्तर, वेळच मिळाला नाई तुमाले." मी मान हलवतो. कोणी चहा पाजतो, कोणी पाठीवरून हात फिरवतो. त्यांचं काही चुकत नाही. हे वाक्य मीच गावभर पेरलं आहे.

वेळ मिळाला होता. चांगले दोन तास मिळाले होते. हे तुला आणि मलाच माहीत होतं, आणि तू तर निघून गेलास.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या शाळेची मिनीबस भंगारात निघाली. ती आपण दोघांनी घेतली तेव्हा सगळ्यांनी आपल्याला वेड्यात काढलं. साठी बुद्धी नाठी, असं माझी लेक तोंडावर म्हणाली. आपण सीटा काढून दोन पलंग ठोकले, मागे शेगडी बसवली. खिडक्यांच्या कडेला पोरांनी कंपासच्या टोकानं कोरलेली नावं मात्र तू पुसू दिली नाहीस. "राहू दे बे, तेवढीच वस्ती वाटते," म्हणालास. गाडी माझी आणि मांडव तुझा, अशी आपली वाटणी होती. जन्मभर अकोल्यात बसून तू ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्यास. आपल्या गाडीसाठी म्हणून तू जाड सुती कापड आणलंस आणि आठ दिवस दुकान बाजूला ठेवून तो मांडव शिवलास. एक बाजू गाडीच्या टपाला, दुसरी दोन बांबूंवर, आणि मधे दोन खुर्च्या. त्याला छत म्हटलं की तुला राग यायचा. जिथे चार माणसं बसून चहा पितात तो मांडवच, हे तुझं म्हणणं.

पण तुझा तो मांडव म्हणजे घरात आणलेली नवी सून होती. तिच्या कलानं घ्यायचं. नवा असताना तू त्याच्यावर तीन वेळा पाणी मारलंस आणि तीन वेळा वाळवलास, म्हणजे सूत फुगून दाभणाची भोकं बुजतात. दोर सुती, ते भिजले की आवळतात, म्हणून पावसाचं चिन्ह दिसताच ते सैल करायचे. आणि एका कोपऱ्याचा बांबू हातभर खाली. "एक पाय लंगडाच ठेव, मास्तर. पान्याले वाट नाई भेटली का थे मांडवात पोट काढून बसते." हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की पुढे पुढे ढग दिसले तरी मी आपला पाय खाली घ्यायला पळायचो.

सालबर्डीला एकदा मी विसरलो. भर दुपारी सर आली आणि मांडवात घागरभर पाणी साचलं. मी आपला हुशारी करून खालून तळहातानं ते वर ढकललं. पाणी गेलं, पण जिथे माझा हात लागला होता तिथूनच पुढे तासभर थेंब गळत राहिले, नेमके तुझ्या परातीतल्या कणकेवर. मला वाटलं आता शिव्या बसणार. तू नुसता वर बघत होतास. "वल्ल्या कापडाले आतून हात लावू नोको," म्हणालास. "जिथं हात लागते तिथंच थे रडते." तेव्हा मी विज्ञानाचा मास्तर म्हणून तुला त्याचं कारण समजावून सांगितलं होतं, पाण्याचा ताण वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तेच तर म्या सांगतलं."

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी पटलं नाही, आणि ते भांडण तू अर्धवट टाकून गेलास. मी म्हणत होतो की तयार छत मिळतं, रबराचा थर दिलेलं. वाळवायची भानगड नाही. पाऊस आला, फडकं मारलं, गुंडाळलं, निघालो. तुझ्या लेखी ते नुसतं प्लॅस्टिक. तू म्हणायचास, "थे कापड नोहे बे, थे पन्नी हाये. पन्नीखाली मानूस बसत नाई, कांदे ठेवतात." दर सहलीला हा वाद व्हायचा. दर वेळी तूच जिंकायचास, कारण मला हसू यायचं. आता मला वाटतं की एकदा तरी मी न हसता भांडायला हवं होतं. त्या दिवशी आपल्या डोक्यावर पन्नी असती तर आपण साडेआठलाच निघालो असतो.

पण त्याच्या आधी मोझरी झालं. गेल्या वर्षी श्रावणात आपण तिथल्या गुरुकुंज आश्रमात गेलो होतो आणि माझी लेक संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. घाई माझी होती. तू नको नको म्हणत असताना मी ओलाच मांडव गुंडाळला, टपावर फेकला, तुला अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि मग लेकीच्या नादात चार दिवस विसरलो. उघडला तेव्हा घडीघडीत बुरशी. तू येऊन बघितलंस. तो सगळा पट्टा कापून काढलास, घरी नेऊन नवा जोडलास, आणि पंधरा दिवस माझा फोन उचलला नाहीस. सोळाव्या दिवशी उचललास तेव्हा पहिलं वाक्य, "मांडव हाये थो, वल्लं फडकं नोहे." मी कान पकडले. पुन्हा ओला गुंडाळणार नाही, असं मी तुला कबूल केलं होतं. कबूल केलेलं मी पाळलं, पुंडलिक. ते इतकं नीट पाळायला नको होतं.

कौंडण्यपूरला आपण नदीकडे तोंड करून गाडी लावली होती. आदल्या दुपारपासून झड लागलेली. सकाळी आठाच्या सुमाराला ती ओसरली, साडेआठला ढग फाटले आणि ऊन आलं. मी शेगडीवरून चहा उतरवत होतो. तू खुर्चीत बसून मांडवाकडे बघत होतास आणि तुझा हात छातीवर होता. खिशातला चष्मा चाचपावा तसा, बोटं पसरलेली.

मी बघितलं. हे वाक्य मी आजवर कुठे बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी बघितलं.

"काय झालं बे?"

"काई नाई. कालचं भरीत. गॅस धरला."

"चाल, निघू. तिवश्याले डॉक्टरले दाखवू."

"आन् मांडव? वल्ला गुंडाळतं का? मोझरी विसरला वाट्टे?"

बस, तेवढ्यावर मी गप्प बसलो. काळजीनं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मला राग आला होता. एका बुरशीसाठी हा माणूस वर्षभर टोमणे मारतो, असं मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "बस मग मांडवाले पंखा घालत." तू हसलास. त्या हसण्यात दम कमी होता, आणि तेही मला दिसलं.

साडेदहाला मांडव खडखडीत वाळला. आपण दोघांनी मिळून गुंडाळला. तू नेहमीपेक्षा हळू चालत होतास आणि मी नेहमीपेक्षा भराभर गुंडाळत होतो, एवढंच. तिवसा चार-पाच किलोमीटरवर असताना तू म्हणालास, "खिडकी उघड." खिडकी उघडीच होती.

तिवश्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. कागद भरायला म्हणून त्यानं विचारलं, "त्रास कधीपासून होत होता?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "आत्ताच. गाडीत. एकदम." तो पोरगेला डॉक्टर फार भला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "काका, स्वतःला दोष देऊ नका. तुम्हाला वेळच मिळाला नाही." सुनंदावहिनी अकोल्याहून पोचल्या तेव्हा हेच वाक्य माझ्या तोंडातून निघालं. त्यांनी ते बायकांना सांगितलं, बायकांनी गावाला. शाळेत पोरं प्रार्थना म्हणतात तसे सगळे ते म्हणायला लागले.

तेव्हापासून तू मला सोडलं नाहीस. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, तुला ठाऊक आहे. माझी उभी हयात पोरांना कारण आणि परिणाम शिकवण्यात गेली. पण पितृपक्षात एकदा दुपारी पाऊस आला. मी घरात एकटाच पेपर वाचत होतो आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "पाय खाली, मास्तर." मी छत्री घेऊन अंगणात धावलो. गाडीशेजारी वाकून बांबू चाचपायला लागलो. तिथे बांबू नव्हता, मांडव नव्हता, गाडीवर नुसतं पाणी वाहत होतं. शेजारच्या बाई गॅलरीतून बघत होत्या. "काही हरवलं का?" म्हणाल्या. मी म्हणालो, "हो, किल्ली." आणि किल्ली शोधत असल्यासारखा बराच वेळ पावसात वाकून उभा राहिलो.

मग ते रोजचंच झालं. पाऊस नसला तरी. नळ गळला तरी मला मांडव आठवायचा. खुर्चीत बसलेला कुठलाही माणूस छातीवरचा खिसा चाचपायला लागला की मी जागचा उठायचो. परवा बँकेत एका अनोळखी गृहस्थांना मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" ते पेन शोधत होते. आणि टपावर ताडपत्रीत बांधलेली ती गुंडाळी. ती उतरवून उन्हात टाकायला हवी हे मला समजत होतं. कितीही कोरडा ठेवला तरी पावसाळ्याची हवा कापडात शिरतेच, तुझंच वाक्य. पण मला हात लावायचं धाडस होत नव्हतं. मला भीती होती की तो कोरडा असेल.

तुझ्यावर रागही आला, तो कशाला लपवू. स्वतःच्या छातीपेक्षा कापड मोठं मानणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? आणि लगेच आठवायचं की माझी बायको गेली तेव्हा हाच माणूस अकोल्याहून महिनाभर दर रविवारी येऊन काही न बोलता माझ्या ओट्यावर बसून राहायचा. एकदाही तू मला "सावर" म्हणाला नाहीस. भाजी निवडायचास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचास. त्या निवडलेल्या मेथीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्याकडे असलं बोलायची पद्धत नाही, म्हणून ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, दसऱ्याले मांडव घेऊन या."

मी म्हटलं, "वहिनी, वर्ष झालं नाही. यंदा सण करता येत नाही ना."

"सन नाई करायचा, हे मले समजते. सोनं बी नाई वाटायचं. पन हत्यारं उपाशी नाई ठेवत. त्यायच्या मशीनवर दसऱ्याले फूल नाई पडलं असं कधी झालं नाई."

काल सकाळी मी अकोल्याला पोचलो. तुझ्या दुकानासमोर गाडी लावली आणि गुंडाळी उतरवली. तुझ्या गाठी वहिनींनीच सोडवल्या. मांडव उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे कापड आतून पिवळं उजळलं होतं. वहिनी सगळीकडून फिरून आल्या, एक एक शिवण बघितली, कापडाला नाक लावलं. त्यांनी पाटावर दाभण, कात्री, मेणाचा गोळा मांडला, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. मशीनवर हार घातला. मग आम्ही दोघं मांडवात खुर्च्या टाकून बसलो.

"किती कोरडा ठेवला तुमी," त्या म्हणाल्या. "कुठं डाग नाई."

यापुढे मला बसवेना. त्यांच्या तोंडून मला शाबासकी मिळत होती, पुंडलिक, आणि ती कशाबद्दल होती ते मला माहीत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. वेळ मिळाला होता."

मी सगळं सांगितलं. साडेआठ, गॅस, भरीत, मोझरी. मी रागावलो ते. मांडव वाळायची वाट बघत आम्ही दोन तास बसलो ते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाटावरच्या फुलांकडे बघत होत्या. मला वाटलं आता उठतील आणि मला घालवून देतील. खरं सांगू? मी त्यासाठीच गेलो होतो.

त्यांनी विचारलं, "त्यायनं छातीवर हात ठेवला होता का?"

"हो."

"तुमाले दिसला?"

"दिसला."

त्या म्हणाल्या, "मले आवाजात ऐकू आला होता."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. नऊ वाजता तू त्यांना फोन केला होतास. तू नदीच्या पायऱ्यांकडे गेला होतास, पाठमोरा, ते मलाही आठवलं. मला वाटलं, दुकानाचं काही असेल. "म्हने, छातीत जरासंक भरल्यावानी वाटते. म्या म्हटलं, भरीत खाल्लं असन, ओवा खा. म्हने, मास्तर निघ निघ करून राहिला, पन मांडव वल्ला हाये. अन् म्या..." इथे त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला. "म्या म्हटलं, वल्ला आनू नोका बाप्पा. मांगच्या टायमाले सारं घर वास मारे. भाऊजीले म्हना, थांबा."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"थो फोन म्या मिटवून टाकला," त्या म्हणाल्या. "मोबाईलमधून. त्याच दिवशी, दवाखान्यात. कोनाले दिसू नये म्हनून. तुमी वेळ नाई मिळाला म्हटलं, अन् मले बरं वाटलं, भाऊजी. तवापासून मी बी तेच सांगून राहिली."

चाळीस दिवस आम्ही दोघं एकमेकांना तेच खोटं सांगत होतो, एकमेकांच्या खोट्यात लपून. आणि तू, शहाण्या, मला गॅस सांगितलास आणि तिकडे पायऱ्यांवर उभा राहून वहिनींकडून ओवा ऐकून घेतलास. तुला समजलं होतं का रे? मला वाटतं तुला समजलं होतं. वहिनींना तसं वाटत नाही. हे आता आमचं नवं भांडण.

मला वाटलं, एवढ्यावर सगळं संपलं. मी उठायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "बसा. थे दोन तास तुमच्यापाशी हायेत. माह्यापाशी नाईत. काय करत होते थे, सांगा."

मी म्हटलं, "काही नाही. बसलो होतो."

"तेच सांगा."

मग मी आठवून आठवून सांगितलं. एक बकरी येऊन बांबूला अंग घासत होती आणि तू तिला बाईसाहेब म्हणून हाकललंस. चहात साखर जास्त पडली तर तू म्हणालास, मास्तर, आता पोरगी दाखवायची राहिली नाही, मग एवढा गोड चहा कोणाला? आणि मग तू तुमच्या लग्नाचं काढलंस. चांदूर बाजारला, वहिनींच्या माहेरी, अवकाळी पाऊस आला, मांडव गळायला लागला, आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव शिडी मागवून वर चढला. "तू सांगत होतास," असं म्हणता म्हणता मी जीभ चावली आणि "तो" म्हणालो. "तो सांगत होता, की मी वर दोर आवळून राहिलो होतो अन् खाली सुनंदा तोंडाले पदर लावून हसून राहिली होती. म्हणाला, त्या हसण्यापायी म्या मांडव शिवायला शिकलो."

वहिनी एकदम ताठ झाल्या. "म्या कुठं हसली? म्या रडत होती! सारा सयपाक पान्यात गेला होता. बाबा डोक्याले हात लावून बसले होते. हसली म्हने!"

"तो तर तसंच म्हणाला."

"छत्तीस वर्सं झाली. छत्तीस वर्सं थे समजत होते, म्या हसली?"

झेंडूचं एक फूल घरंगळलं होतं, ते उचलून त्यांनी पुन्हा कात्रीवर ठेवलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "हसलीच असन म्या. आनखी काय म्हने?"

मी सांगत गेलो. साडेदहापर्यंत पोचायला आम्हाला दिवस मावळला, पुंडलिक. त्याच्या पुढे आम्ही दोघंही गेलो नाही.